पद्मपाणीचा निळा कुठं गेला?

अजिंठ्याच्या 1 नंबरच्या लेण्यातला पद्मपाणी दोन पुस्तकांत शेजारी-शेजारी ठेवून बघा. एक गुलाम याझदानींचा निजामाच्या काळात सुरू झालेला ग्रंथ (पहिला भाग 1930), दुसरं बेनॉय बहल यांचं 1998 चं. भिंत तीच, रंग वेगळे. "मग खरा रंग कुठला?" असं तुम्ही विचाराल. माझ्या मते प्रश्नच चुकतोय. आधी विचारा, उजेड कुठला होता, फिल्म कुठली, भिंगापुढं फिल्टर होता का?

डेलाइट फिल्म साधारण 5500 केल्विनच्या उजेडासाठी बनवतात. टंगस्टनचा दिवा 3200 चा, त्यात निळा प्रकाश फारच थोडा. आपला डोळा सांभाळून घेतो, फिल्म घेत नाही. सगळं नारिंगी होतं आणि लाजवर्दाचा निळा राखाडी पडतो. उपाय म्हणजे निळसर 80ए फिल्टर. इथं केल्विनची थेट वजाबाकी करू नका. 10 लाखांना केल्विननं भागा, मग वजा करा: 182 उणे 313, म्हणजे उणे 131. 80ए ची ताकद नेमकी तेवढीच.

पण किंमत मोजावी लागते. 80ए दोन स्टॉप खातो, म्हणजे उजेड पाव राहतो. स्थिर छायाचित्रात एक्स्पोजर लांबवता येतं. चित्रपटात सेकंदाला 24 फ्रेम, एकेकीला जेमतेम 1/48 सेकंद, लांबवणार कुठं? म्हणून सिनेमावाले उलटा हिशोब करतात. फिल्मच 3200 ची घेतात आणि बाहेर उन्हात नारिंगी 85 लावतात. तिथं दोन-तृतीयांश स्टॉप गेला तरी बिघडत नाही, ऊन भरपूर असतं. मला हा हिशोब फार आवडतो.

बहल यांनी 1991 मध्ये प्रखर दिवे टाळून मंद उजेडात लांब एक्स्पोजर दिली. संयमाला दाद द्यावीच लागेल, आणि त्यांचे रंग मला जास्त पटतातही. तरी रंगद्रव्याच्या मोजमापासाठी मी ती पानं वापरणार नाही. एक्स्पोजर फार लांबलं की रंगीत फिल्मचे तीन थर सारखे साथ देत नाहीत, रंग पुन्हा सरकतो. शिवाय मध्ये छपाई आहेच.

"आता डिजिटल आहे, व्हाइट बॅलन्स नंतर करू," हे वाक्य प्रयोगशाळेत रोज ऐकतो. निळ्या चॅनेलमध्ये सिग्नलच कमी आला असेल, तर नंतर ताणून फक्त नॉइज वाढतो. एलईडीच्या खोक्यावर 3200 लिहिलंय म्हणून त्याचा वर्णपट टंगस्टनसारखा सलग असतो असंही नाही, आणि जी तरंगलांबी दिव्यातच नाही ती कुठला फिल्टर आणणार?

मी स्वतः फसलोय. एका संग्रहालयात दारातून ऊन आणि वरून पिवळे दिवे असताना मूर्तीचा व्हिडिओ केला. अर्धा चेहरा निळा, अर्धा पिवळा. दोन उजेडांना एक फिल्टर पुरत नाही. गाइडनी शांतपणे विचारलं, "यातला कुठला अर्धा प्रबंधात घालणार?" पुढच्या खेपेला दार लावून घेतलं आणि पहिल्या फ्रेममध्ये राखाडी कार्ड धरलं.