निमंत्रणाच्या अटी : लोकव्यवहार आणि मराठी साहित्यव्यवहार

१. प्रस्तावना :

लग्नकार्य असो, शंकरपट असो वा साहित्यसंमेलन, कोणत्याही सोहळ्याचा आरंभ निमंत्रणाने होतो. निमंत्रण हा सामान्यतः शिष्टाचाराचा भाग मानला जातो. वास्तविक ती एक सामाजिक संहिता असते. कोण बोलावतो, कोणाला बोलावतो, कोणत्या अटींवर बोलावतो आणि कोणाला वगळतो, हे चार प्रश्न तिच्यात अंतर्भूत असतात. प्रस्तुत लेखात वऱ्हाडातील लोकव्यवहार आणि मराठी साहित्यव्यवहार यांतील निमंत्रणांची या प्रश्नांच्या आधारे चिकित्सा केली आहे.

२. संकल्पना :

पाणिनीच्या 'अष्टाध्यायी'त (३.३.१६१) लिङ् लकाराचे अर्थ सांगताना निमंत्रण व आमंत्रण यांचा स्वतंत्र निर्देश येतो. टीकापरंपरेने त्यांतील भेद असा स्पष्ट केला आहे : जे नाकारल्यास दोष लागतो ते निमंत्रण, जे स्वीकारणे इच्छेवर अवलंबून असते ते आमंत्रण. आजच्या मराठीत हे शब्द समानार्थी झाले असले, तरी व्यवहारातील भेद शिल्लक आहे. त्यांच्याच जोडीला 'आवाहन' व 'आव्हान' हे शब्द येतात. देवतेचे आवाहन होते, प्रतिस्पर्ध्याला आव्हान दिले जाते. पहिल्या शब्दाचे मूळ 'वह्' या धातूत, तर दुसऱ्याचे 'ह्वे' या धातूत आहे.

३. लोकव्यवहारातील निमंत्रण :

बुलढाणा जिल्ह्यातील मोताळा तालुक्यातल्या रोहिणखेडचे नाव इतिहासात आले ते रणांगण म्हणून. सोळाव्या शतकाच्या अखेरीस बुऱ्हाण निजामशहा व जमालखान यांच्यातील निर्णायक लढाई येथे झाली. अशा गावांच्या दैनंदिन जीवनात मात्र 'आवतन' अधिक महत्त्वाचे ठरते. लग्नाची पहिली पत्रिका व अक्षत देवापुढे ठेवली जाते. नंतर भाऊबंद, सोयरे आणि गाव यांचा क्रम लागतो. सर्व कुटुंबाला जेवणास बोलावले असेल तर ते आवतन 'चूलबंद' असते. असे आवतन सांगायचे राहून गेले, तर दोन घरांतील अबोला वर्षानुवर्षे टिकू शकतो. हळदीकुंकवाचे बोलावणे सवाष्णींपुरते राहिल्याने विधवा स्त्रीला वगळले जाणे हाही त्याच व्यवस्थेचा भाग होता, आणि तो पूर्णपणे संपलेला नाही.

खेळाचे निमंत्रण याहून निराळे असते. शंकरपटाच्या पत्रकात प्रवेश फी, बक्षिसे आणि नियम छापलेले असतात. ज्याला ते मान्य असतील त्याने आपली जोडी आणावी. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ मधील निर्णयाने या शर्यती थांबल्या आणि डिसेंबर २०२१ मध्ये त्यांना सशर्त परवानगी मिळाली. १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याची कायदादुरुस्ती वैध ठरविली. तेव्हापासून कायद्याने घातलेल्या अटींचेही भान या निमंत्रणाला ठेवावे लागते. लग्नाच्या आवतनातील अटी गृहीत असतात, पटाच्या पत्रकातील अटी उघड असतात. हा फरक साहित्यव्यवहाराकडे पाहताना उपयोगी पडतो.

४. नाकारलेले निमंत्रण : १८८५

पुण्यात मे १८८५ मध्ये भरलेल्या दुसऱ्या मराठी ग्रंथकार सभेचे निमंत्रण न्या. म. गो. रानडे यांच्याकडून महात्मा जोतीराव फुले यांना गेले. फुल्यांनी ते नाकारले. त्यांचे पत्र ११ जून १८८५ च्या 'ज्ञानोदया'त प्रसिद्ध झाले. शूद्रातिशूद्रांचे मानवी हक्क जे व्यवहारात मान्य करीत नाहीत, त्यांच्या सभांशी व ग्रंथांशी आपला मेळ बसणार नाही, असा त्या पत्राचा आशय आहे.

रानड्यांनी बोलावले यात त्यांचे औदार्य दिसते, हे नाकारता येत नाही. परंतु फुल्यांचा आक्षेप बोलावण्याच्या पद्धतीवर नव्हता. सभेत समानता गृहीत धरली होती आणि समाजात ती नव्हती, यावर तो होता. निमंत्रणात न छापलेली अट त्यांनी उत्तरात लिहून दाखविली. या दृष्टीने त्यांचे पत्र मराठीतील वाङ्मयीन चिकित्सेचा महत्त्वाचा दस्तऐवज ठरते.

याच वर्षी 'सत्सार'मधून फुल्यांनी बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांच्या 'स्त्रीपुरुष तुलना' (१८८२) या पुस्तकाची बाजू घेतली. सुरतच्या विजयालक्ष्मी या विधवेच्या खटल्याच्या निमित्ताने लिहिलेले हे पुस्तक म्हणजे कोणीही न बोलावता केलेले भाषणच होय. ज्यांना सभेचे बोलावणे येत नाही, त्यांच्यासाठी ग्रंथ हेच व्यासपीठ असते.

५. मागे घेतलेले निमंत्रण : २०१९

जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळ येथील ९२ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या उद्घाटनासाठी नयनतारा सहगल यांना बोलावण्यात आले होते. इंग्रजी लेखिकेच्या हस्ते उद्घाटन होण्यास विरोध करून संमेलन उधळण्याचे इशारे दिले गेले आणि आयोजकांनी निमंत्रण मागे घेतले. अनेक लेखकांनी संमेलनावर बहिष्कार टाकला. महामंडळाचे अध्यक्ष श्रीपाद भालचंद्र जोशी यांनी राजीनामा दिला. संमेलनाध्यक्ष अरुणा ढेरे यांनी भाषणातून या कृतीविषयी नापसंती व्यक्त केली. सहगल यांचे तयार भाषण मात्र वृत्तपत्रांतून वाचकांपर्यंत पोहोचले.

१८८५ मध्ये निमंत्रिताने नकार दिला, २०१९ मध्ये निमंत्रकाने. दोन्ही प्रसंगी न छापलेली अट उघडी पडली. यवतमाळला ती अशी होती : पाहुण्याने यावे, पण कोणाला अडचणीचे होईल असे बोलू नये. पुढे उद्घाटन शेतकरी आत्महत्याग्रस्त कुटुंबातील वैशाली येडे यांच्या हस्ते झाले. हळदीकुंकवाला जिला टाळले जाते, त्या विधवा स्त्रीला साहित्याच्या व्यासपीठावर मिळालेला हा मान स्वतंत्रपणे मोलाचा आहे. परंतु एका निमंत्रणाने दुसऱ्या निमंत्रणभंगाची भरपाई होते, असे मानल्यास दोघींवरही अन्याय होईल.

६. निष्कर्ष :

निमंत्रणाची योग्यता त्याच्या भाषेच्या नम्रतेवरून ठरविता येत नाही. त्यातील अटी उघड आहेत का आणि निमंत्रकाला त्या स्वतःवर बंधनकारक वाटतात का, हे पाहावे लागते. या कसोटीवर पटाचे साधे पत्रक कित्येकदा साहित्यसंस्थेच्या सुबक पत्रिकेपेक्षा प्रामाणिक ठरते. 'निमंत्रण' शब्दाच्या जुन्या अर्थात न नाकारण्याचे बंधन पाहुण्यावर होते; विचाराच्या व्यासपीठावर ते यजमानावर असावयास हवे. महाविद्यालयीन चर्चासत्रांच्या निमंत्रणपत्रिकाही याच कसोटीवर तपासून पाहणे आवश्यक आहे.