वृद्ध वाचक आणि ग्रंथभेट

नोकरीनिमित्त परप्रांती राहणारा मराठी माणूस रजेवर घरी निघाला, की सामानात वडिलांसाठी एखादे पुस्तक हमखास असते. ही चाल चांगली आहे. परंतु त्या पुस्तकाची निवड करताना आपण वडिलांचा विचार क्वचितच करतो, त्यांच्या वयाचा मात्र करतो. माणसाने पंच्याहत्तरी गाठली म्हणजे त्याला आता परमार्थावाचून दुसरे काही रुचावयाचे नाही, असे गृहीत धरून एखादी सार्थ ज्ञानेश्वरी, एखादा स्तोत्रसंग्रह किंवा दीर्घायुष्याचे उपाय सांगणारे एखादे पुस्तक बांधून दिले जाते. देणाऱ्याचा हेतू निर्मळ असतो. निवडीत मात्र एक निकाल दडलेला असतो, आणि वाचणाऱ्याला तो कळतो.

वस्तुतः हा हिशेब कालगणनेच्या दृष्टीनेही चुकतो. आज ज्यांनी ऐंशी ओलांडली आहे, ते भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ १९६३ साली निघाली तेव्हा विशीच्या आसपास होते. नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ १९७२ साली आला तेव्हा तिशीच्या आत-बाहेर. त्या पुस्तकांवरून त्यांच्यापैकी कित्येकांनी मित्रांशी कडाक्याचे वादही घातले असतील. अशा वाचकाला आपण जी भेट देतो ती बहुधा त्याच्या आजोबांना शोभली असती. आणि ज्याची खरोखरच पोथीवर निष्ठा आहे, त्याच्या घरी पोथी असतेच. तिच्यातील हवी ती ओवी पानाच्या कोणत्या अंगाला आहे हे त्याला बोटांनी ठाऊक असते. नव्या गुळगुळीत प्रतीत ती खूण हरवते, आणि प्रत कपाटात जाते.

मग द्यावे काय? माझ्या मते वृद्ध वाचकाला ज्याच्याशी भांडता येईल असे पुस्तक द्यावे. आयुष्यभराची साक्ष त्याच्यापाशी असते. ती देण्याची संधी मात्र घरात दिवसेंदिवस कमी होत जाते. इरावती कर्वे यांचे ‘युगान्त’ (१९६७) या दृष्टीने मला फार मोलाचे वाटते. महाभारत ज्याच्या कानावर लहानपणापासून आहे, त्याला ते कथा सांगत बसत नाही. त्याच्या जुन्या निष्ठांनाच प्रश्न विचारते. त्यातील भीष्मावरील लेख पाहावा. ज्या त्यागापुढे आपण मान लववीत आलो, त्या त्यागातून अखेर निष्पन्न काय झाले, असे बाई रोखठोक विचारतात. पिढ्यामागून पिढ्या दुसऱ्यांचे संसार मार्गी लावीत राहिलेला आणि कुळाच्या कारभारातून बाजूला होणे न साधलेला एक म्हातारा त्या आपल्यापुढे उभा करतात. हा प्रश्न तिशीतल्या वाचकाला बुद्धीचा वाटेल. घराच्या किल्ल्या अद्याप स्वतःच्या कनवटीला असलेल्या गृहस्थाला तो तसा वाटावयाचा नाही. तो रागावेल, समासात पेन्सिलीने लिहील, कदाचित पत्रही पाठवील. बाईंचे सर्वच निष्कर्ष मलाही पटत नाहीत, पण पटणे ही भेटीची कसोटी नव्हे.

आत्मकथनांत ‘स्मृतिचित्रे’ची बरोबरी करणारे पुस्तक विरळा. १९३४ ते १९३७ या काळात चार भागांत प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथात लक्ष्मीबाई टिळकांनी दुःख सांगितले आहे ते दुःखाचा आव न आणता. सोवळ्याच्या अतिरेकाने सारे घर वेठीस धरणारे वडील, लहरी आणि तितकाच उदार कविपती, १८९५ साली टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर वाट्याला आलेला दीर्घ वियोग आणि पुढे १९०० साली स्वतः उचललेले तेच पाऊल, या साऱ्यांकडे त्या हसत पाहतात. पण ते हसू कोणाला लहान करीत नाही. वार्धक्यात मागे वळून कसे पाहावे, याचा इतका निकोप नमुना मराठीत दुसरा मला आढळत नाही. हे पुस्तक ‘बायकांचे’ म्हणून आईलाच देण्याची पद्धत आहे. ते वडिलांनाही अवश्य द्यावे. कदाचित त्यांनाच आधी.

आपल्यासारख्या देशांतरी माणसांनी द्यावयाचे तर विष्णुभट गोडसे यांचे ‘माझा प्रवास’ आहेच. कर्जात बुडालेल्या घराला हातभार लागावा म्हणून वरसईचा हा भिक्षुक १८५७ च्या सुमारास दक्षिणेच्या आशेने उत्तर हिंदुस्थानात गेला आणि बंडाच्या धामधुमीत सापडला. झाशीचा पाडाव त्याने डोळ्यांनी पाहिला. मिळालेले लुटले गेले. शेवटी आईबापांसाठी गंगाजलाची कावड घेऊन तो घरी परतला. चिंतामण विनायक वैद्यांनी हा वृत्तांत १९०७ साली छापला तो भाषेवर संस्कार करून. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी सिद्ध केलेली आवृत्ती १९६६ साली आली. भेट द्यावयाची ती दुसरी. तिच्यातील बोली जुन्या माणसाच्या कानाला ओळखीची लागते, आणि मुलगा दूरदेशी का गेला हे तिथे कोणी समजावून सांगावे लागत नाही.

याउलट जयवंत दळवींचे ‘संध्याछाया’ हे नाटक. त्याच्या गुणांविषयी वाद नाही. परंतु मुले दूर असलेल्या वृद्ध दांपत्याची ती अंतापर्यंत जाणारी कहाणी दूर असलेल्या मुलानेच आईबापांच्या हाती ठेवावी, हे औचित्याला धरून नाही. त्यांनी ते आपण होऊन वाचले तर गोष्ट निराळी. ‘नटसम्राट’ची जात वेगळी. त्यातील म्हाताऱ्याला वाणी आहे, आणि ती वाणी मोठ्याने वाचण्याचा आनंद एकट्या माणसालाही घेता येतो.

छपाईकडे मात्र आपण मुळीच पाहत नाही. वयाबरोबर डोळ्याला प्रकाश अधिक लागतो आणि चकाकी सोसत नाही. म्हणून चकचकीत कागदावरील भरजरी ग्रंथ दिसावयास कितीही देखणा असला तरी तो टाळावा. पुस्तक अंथरुणावर पडून एका हाताने धरता यावे, टाइप ठसठशीत असावा, शिवण अशी असावी की पान उघडे राहील. दुकानात पुस्तक चाळताना ते हातभर अंतरावर धरून पाहावे. चारही भाग एकत्र असलेल्या ‘स्मृतिचित्रे’चे वजन काही लहान नाही, तिची संक्षिप्त आवृत्तीही निघालेली आहे, परंतु वाचणाऱ्याच्या मनगटात बळ असेल तर संपूर्णच घ्यावी, आणि जमल्यास दोन प्रती घ्याव्यात. एक घरी ठेवून यावे, दुसरी आपल्याबरोबर बदलीच्या गावी न्यावी, म्हणजे रविवारी फोनवर प्रकृतीची चौकशी झाल्यानंतरही बोलावयास काही उरते.