हुंडी, बिल्टी आणि यंत्रलेख : व्यवहारलेखातील ‘सकारा’चा विचार

बखरी, सनदा, महजर आणि खासगी पत्रव्यवहार यांच्या भाषेचा विचार मराठीत पुष्कळ झाला आहे. परंतु हुंडी, बीजक, चलन, बिल्टी हे व्यापारी लेखनप्रकार मात्र सामान्यतः अर्थशास्त्राच्या अभ्यासकांकडे सोपविले गेले. वस्तुतः हेही लेखनच होय. त्यालाही कर्ता असतो, वाचक असतो, ठरलेली शैली आणि संकेत असतात; आणि त्या संकेतांच्या बळावरच दोन अपरिचित माणसे एकमेकांच्या शब्दावर मालाचे गाडे सोडतात. गेल्या काही दशकांत या लेखनाचे स्वरूप मुळातून पालटले आहे. व्यापारातील एका पक्षाच्या संगणकाने लिहावे आणि दुसऱ्या पक्षाच्या संगणकाने वाचावे, अशी जी पद्धती ‘इलेक्ट्रॉनिक डेटा इंटरचेंज’ या नावाने रूढ झाली, तिच्यातील कागदाला येथे ‘यंत्रलेख’ म्हटले आहे. हा यंत्रलेख म्हणजे जुन्या कागदाचीच जलद आवृत्ती, असे सर्वसाधारण मत आहे. ते कितपत ग्राह्य आहे, हे पाहावयाचे आहे.

या विचारासाठी भंडारा जिल्हा सोयीचा आहे. धान हे येथील मुख्य पीक, आणि त्यामागोमाग भात गिरण्यांचा व्यवसाय. तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथे मँगनीजच्या खाणी, वरठीला पोलादाचा मोठा कारखाना, आणि खुद्द भंडारा शहराची ख्याती पितळी भांड्यांची. उत्तरेस मध्य प्रदेशाची सीमा लागून असल्यामुळे तुमसरहून निघालेली मालमोटार थोड्याच अंतरात दुसऱ्या राज्यात प्रवेश करते, आणि तिच्याबरोबर कागद असावाच लागतो. मोठा कारखानदार, मध्यम गिरणीवाला, लहान कारागीर आणि शेतकरी हे चारही पक्ष एकाच जिल्ह्यात एकाच प्रकारच्या लेखव्यवहारात गुंतलेले असल्यामुळे, लेखाचे बळ कोणास लाभते आणि त्याचा भार कोणावर पडतो, हे येथे स्पष्ट दिसते.

प्रथम हुंडीकडे वळणे इष्ट. हुंडी ही केवळ पैशाची चिठ्ठी नव्हे. ती पत्र आहे. तिला गाव असते, ज्याच्यावर ती काढली त्याचे नाव सन्मानपूर्वक असते, लिहिणाराचे नाव असते, मिती असते आणि पैसे कोणास व केव्हा द्यावयाचे याची स्पष्ट आज्ञावजा विनंती असते. दर्शनी आणि मुदती हा भेद काळाचा. शहाजोग आणि धनीजोग हा भेद पैसे घेणाराच्या ओळखीचा. जोखमी हुंडी तर माल सुखरूप पोहोचल्यावरच देय होत असे. म्हणजे विमा आणि भरणा या दोहोंचे काम एकच कागद करी. रक्कम लिहिण्याची रीत विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. शंभर रुपयांची हुंडी असेल तर अंकांत शंभर, अक्षरांत शंभर, आणि शिवाय ‘निमे पन्नास, त्याचे दुप्पट’ असा उल्लेख होत असे. ही पुनरुक्ती अलंकारासाठी नव्हती. कोणी एका अंकाची खाडाखोड केली तर उरलेले दोन उल्लेख त्यास खोटे पाडीत. हुंडी गहाळ झाली तर ‘पेठ’ आणि तीही हरवली तर ‘परपेठ’ देण्याची सोय होती. अविश्वासाची एवढी तरतूद करूनच हुंडीने विश्वास संपादन केला होता.

तथापि हुंडीचे मर्म या तरतुदींत नाही; ते ‘सकारणे’ या क्रियापदात आहे. ज्याच्यावर हुंडी काढली तो ती पाहतो, वाचतो आणि सकारतो, अथवा नकारतो. सकारापूर्वी त्याच्यावर बंधन नाही. नकारल्यास तो नकार काढणाराकडे परत जातो आणि बाजारात त्याची पत ढासळते. म्हणजे हुंडीच्या रचनेतच दुसऱ्या पक्षाच्या उत्तराची जागा राखून ठेवलेली आहे. १८८१ च्या पराक्राम्य लेख कायद्याने पौर्वात्य भाषांत लिहिलेल्या अशा लेखांच्या स्थानिक रूढींना धक्का न लावण्याचे ठरविले. लेखाची भाषा आणि त्यामागील रूढी यांचा संबंध कायद्यानेही मान्य केला होता, असा याचा अर्थ.

यंत्रलेखाचा वंश निराळा आहे. १९४८–४९ मध्ये बर्लिनची नाकेबंदी झाली असता विमानांनी पोहोचविलेल्या मालाच्या नोंदींसाठी एडवर्ड गिल्बर्ट या अमेरिकन अधिकाऱ्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी एक समान यादीपत्रक तयार केले. ते दूरमुद्रकाने वा दूरध्वनीने पाठविता येई. पुढे १९६८ मध्ये अमेरिकेत वाहतूक कंपन्यांची याच कामासाठी समिती झाली, १९७९ मध्ये ‘एक्स-१२’ या प्रमाणाचे काम सुरू झाले, आणि १९८७ पासून संयुक्त राष्ट्रांच्या आश्रयाने ‘एडिफॅक्ट’ हे आंतरराष्ट्रीय प्रमाण रूढ होऊ लागले. हा जन्म पुरवठ्याच्या आणीबाणीत झाला, ही गोष्ट विसरता येत नाही. जेथे माल पोहोचलाच पाहिजे तेथे यादी अचूक असावी लागते. यादी वाचणाराचे मत विचारण्याचे तेथे कारण नसते.

या वंशाची खूण यंत्रलेखाच्या रचनेत उमटली आहे. एडिफॅक्टमधील बीजक अनेक तुकड्यांचे बनलेले असते. प्रत्येक तुकड्याचा आरंभ तीन अक्षरांच्या संकेताने होतो. शेवटच्या तुकड्यात एकूण तुकड्यांची संख्या सांगितलेली असते, आणि ती जुळली नाही तर संदेश सदोष ठरतो. हुंडीतील ‘निमे’ आणि ‘दुप्पट’ यांचाच हा वंशज, असे म्हणावयास हरकत नाही. भारतातील वस्तू व सेवा कराच्या पंधरा अक्षरी नोंदणी क्रमांकातील शेवटचे अक्षरही केवळ आधीची चौदा तपासण्यासाठीच असते. अचूकतेच्या बाबतीत जुना कागद आणि नवा लेख यांत परंपरा अखंड आहे.

परंपरा खंडित होते ती मायन्याच्या ठिकाणी. ‘राजमान्य राजेश्री’पासून ‘बहुत काय लिहिणे’पर्यंत जे काही जुन्या पत्रात असे, त्याची जागा यंत्रलेखात ‘एनएडी’ या तुकड्याने घेतली. त्यात नाव आणि पत्ता असतो, आणि हा खरेदीदार की विक्रेता हे दोन अक्षरांनी सांगितलेले असते. तेथे संबोधन नाही, केवळ निर्देश आहे. माणसाने माणसाला काही सांगावे यासाठी ‘एफटीएक्स’ हा मुक्त मजकुराचा तुकडा प्रमाणात आहे खरा. परंतु यंत्राला त्याचा अर्थ लावता येत नाही, म्हणून तो शक्यतो वापरू नये असेच व्यवहारात सुचविले जाते. लेख पोहोचल्याची पोच यंत्र देते. पण ती पोच लेखाच्या रचनेविषयी असते, आशयाविषयी नव्हे. ‘मिळाले’ आणि ‘मान्य आहे’ या दोन वाक्यांतील अंतर हुंडीने काटेकोरपणे जपले होते. यंत्रलेखात ते पुसट होते.

भारतीय कायद्याने यंत्रलेखाला मान्यता दिली ती माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० या कायद्याने. त्याच्या उद्देशिकेतच या विनिमयाचा उल्लेख आहे. लक्षणीय गोष्ट अशी की त्या कायद्याने धनादेशाखेरीज इतर पराक्राम्य लेख आपल्या कक्षेबाहेर ठेविले. त्यामुळे हुंडी कागदावरच राहिली. २०२२ मध्ये हा अपवाद शिथिल झाला, तोही रिझर्व्ह बँकेसारख्या नियामकांच्या अखत्यारीतील संस्थांच्या नावे असलेल्या लेखांपुरता. दरम्यान १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला. १ एप्रिल २०१८ पासून आंतरराज्य वाहतुकीस ई-वे बिल लागू झाले. १ ऑक्टोबर २०२० पासून पाचशे कोटी रुपयांहून अधिक उलाढाल असलेल्यांना ई-बीजक बंधनकारक झाले, आणि १ ऑगस्ट २०२३ पर्यंत ही मर्यादा पाच कोटींवर आली. जे बंधन आधी केवळ मोठ्या कारखान्यांवर होते, ते अशा रीतीने मध्यम गिरणीवाल्यापर्यंत येऊन पोहोचले. या बीजकाला चौसष्ट अक्षरांचा ओळख क्रमांक मिळतो. तो माणसाने वाचण्यासाठी नसतोच, आणि बीजकाच्या आराखड्यातील रकान्यांची नावेही इंग्रजीच आहेत.

या व्यवस्थेत ‘सकारा’चे काय झाले? ई-वे बिलात ज्याच्या नावे माल आहे त्याला तो नाकारण्यासाठी जास्तीत जास्त बहात्तर तासांची मुदत आहे. तेवढ्यात काही न कळविल्यास त्याने माल मान्य केला असे धरले जाते. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या बीजक-व्यवस्थापन प्रणालीतही स्वीकार, नकार व प्रलंबन हे तीन पर्याय आहेत, पण काहीच न केल्यास स्वीकारच गृहीत धरला जातो. ‘मौनं सम्मतिलक्षणम्’ हे वचन येथे यंत्राचा नियम झाले आहे. हुंडीत मौन म्हणजे केवळ मौनच होते. यंत्रलेखात मौन हेच उत्तर ठरते.

मात्र एवढ्यावरून जुन्या कागदाचा गौरव करणे ही भाबडी रसिकता ठरेल. हुंडी हा पेढीवाल्यांच्या आपसांतील, म्हणजे समानांमधील लेख होता. शेतकऱ्याच्या वाट्यास येई ते कर्जरोखे; ते त्याला वाचता येत नसत, त्यावर त्याचा केवळ अंगठा असे. भंडाऱ्यापासून दूर, पुणे व अहमदनगर भागात, मे १८७५ मध्ये सुपे येथून जे दंगे सुरू झाले त्यांत शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे हिसकावून जाळले. कागद जाळण्यातला अर्थ उघड आहे : जो लेख आपल्याविषयी असून आपल्याला उद्देशून नाही, त्याचा तो नकार होता. उत्तराची दुसरी जागाच ठेवलेली नसल्यामुळे तो नकार आगीच्या रूपाने आला. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने ग्राम-निबंधकासमोर दस्त लिहावा, शेतकऱ्यास पावती व हिशेब मिळावा, अशी तजवीज केली, ती याच उणिवेवर उपाय म्हणून. दोष कागदाचा वा यंत्राचा नसून, लेखातील उत्तराच्या जागेचा आहे, हे या उदाहरणावरून सिद्ध होते.

याच कसोटीवर भंडाऱ्यातील धान खरेदीचा लेखव्यवहार पाहता येतो. आधारभूत किमतीने होणाऱ्या खरेदीत सातबारा, पीकनोंद, बँक खाते यांच्या आधारे शेतकऱ्याची संगणकावर नोंदणी होते. वजन झाल्यावर नोंद होते, पैसे खात्यात जमा होतात, आणि धान भरडाईसाठी गिरणीकडे जाते. क्विंटलमागे सदुसष्ट किलो कच्चा तांदूळ परत द्यावयाचा, हा हिशेब गिरणी आणि शासन यांच्यामधील. या साखळीत मध्यस्थाच्या हातून पैसे जाण्याचे संपले, हा लाभ थोडा नव्हे. पण साखळीतील बहुतेक लेख शेतकऱ्याविषयी असतात, शेतकऱ्याला उद्देशून नसतात. क्षेत्राचा एक अंक चुकला तर यंत्र नोंद फेटाळते. तो अंक का चुकला हे सांगण्याची जागा मात्र लेखात नसते, म्हणून ती तोंडी, कार्यालयाच्या दाराशी शोधावी लागते. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेली ई-पीक पाहणी हा याला महत्त्वाचा अपवाद होय. तेथे शेतकरी स्वतः, मराठीत, आपल्या शेताची नोंद करतो. तो विषय न राहता कर्ता होतो. यंत्रलेखाला उत्तराची जागा देणे अशक्य नाही, हे त्यातून दिसते.

लहान कारागिराच्या संदर्भात तर मौनाचा नियमच उलट्या बाजूने उपयोगी पडतो. सूक्ष्म व लघु उद्योगांविषयीच्या २००६ च्या कायद्यानुसार, माल मिळाल्यापासून पंधरा दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही तर माल स्वीकारला असे धरले जाते, आणि पैसे फार तर पंचेचाळीस दिवसांत द्यावे लागतात. येथे मौन बलवानाचे आहे, म्हणून त्यास संमती मानणे न्याय्य ठरते. रिझर्व्ह बँकेच्या २०१४ च्या मार्गदर्शनानुसार उभ्या राहिलेल्या ‘ट्रेड्स’ या व्यवस्थेत तर जुना सकार पुन्हा अवतरला आहे : मोठ्या खरेदीदाराने बीजक स्पष्टपणे मान्य केल्यावरच त्यावर वित्तसंस्था बोली लावतात, आणि विक्रेत्याला मुदतीआधी पैसे मिळतात. ही मुदती हुंडीच होय; फक्त ती यंत्रात सकारली जाते. भंडाऱ्यातील पितळकाम करणाऱ्या लहान कारखानदारास या सोयीचा उपयोग होईल तो मात्र त्याचा खरेदीदार या व्यवस्थेत नोंदलेला असेल तरच. सकार घडविण्याची सत्ता अद्याप मोठ्या पक्षाकडेच आहे.

तेव्हा यंत्रलेखाचे मूल्यमापन वेगाच्या आणि अचूकतेच्या निकषांवर करणे अपुरे आहे; त्या दोन्ही गुणांत तो हुंडीचा सरस वारस आहे. खरा निकष असा की, लेखात ज्याचे नाव आहे त्यास तो आपल्या भाषेत वाचता येतो काय, आणि ‘नाही’ म्हणण्याची जागा त्यात त्याच्यासाठी राखली आहे काय. मौनाचा अर्थ लावताना कोणाचे मौन आहे हे पाहिले पाहिजे : बहात्तर तास संगणकासमोर बसू शकणाऱ्या कारखान्याचे मौन आणि हंगामात शेतात असलेल्या धान उत्पादकाचे मौन यांना एकच अर्थ देता येत नाही. जो लेख हा भेद करीत नाही, तो कितीही निर्दोष असला तरी पत्र या संज्ञेस पात्र ठरत नाही. ती केवळ नोंद ठरते. नोंदीने माल पोहोचतो; परंतु जेथे दुसऱ्या पक्षाला सकारता वा नकारता येत नाही, तेथे झालेल्या देवघेवीस पूर्ण अर्थाने व्यवहार म्हणता येणार नाही.