तुर्कांचे मूळ : मोजपट्टी आणि जनुक

समाजाची भाषा व त्याचा वंश एकाच उगमातून आलेले असतात, हे गृहीतक भाषाशास्त्राने केव्हाच त्याज्य ठरविले आहे. तथापि तुर्कांविषयीच्या विवेचनात ते पुनःपुन्हा डोके वर काढते. आफेत इनान यांच्या पुढाकाराने १९३७ मध्ये तुर्कस्तानात सुमारे ६४,००० व्यक्तींची शारीरिक मोजमापे घेण्यात आली. अनातोलियाची प्रजा प्राचीन काळापासून एकाच तुर्क वंशाची आहे, हे सिद्ध करणे हा त्या पाहणीचा हेतू होता. निष्कर्ष आधीच ठरलेला असला म्हणजे सामग्रीची विपुलता व्यर्थ ठरते, याचे हे ठळक उदाहरण होय.

२०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३,३६२ व्यक्तींच्या जनुकीय अभ्यासाने त्या एकवंशीयत्वाला आधार ठेवलेला नाही. बाल्कन, कॉकेशस, पश्चिम आशिया आणि युरोप येथील लोकसमूहांशी झालेले विस्तृत संमिश्रण त्यात दिसते व ते प्रदेशपरत्वे बदलते. इतिहासही यास अनुकूल आहे. १९२३ च्या लोकसंख्या-विनिमयाने ग्रीसमधील साडेतीन लाखांहून अधिक मुसलमान तुर्कस्तानात आले.

परंतु यावरून काही लेखक दुसरे टोक गाठतात. मध्य आशियाई अंश अल्प, म्हणून हे तुर्क 'खरे' नव्हेत, असे त्यांचे म्हणणे. हे अनुमानही सदोष आहे. एक तर तो अंश तुलनेसाठी निवडलेल्या समूहावर अवलंबून असतो. १०७१ च्या मांझिकर्टच्या लढाईनंतर अनातोलियात पसरलेले ओघुझ इराणमार्गे आले होते. मोंगल काळातील उलथापालथीतून गेलेले आजचे किरगीज वा कझाक त्यांचे यथार्थ प्रतिनिधी ठरत नाहीत. दुसरे असे की, भाषा केवळ संततीच्या द्वारे पसरत नाही. अनातोलियातील ग्रीक व आर्मेनियन भाषिकांपैकी अनेकांनी कालांतराने तुर्की स्वीकारली. हंगेरियन भाषा उरल कुलातील, पण तिचे भाषक शरीराने मध्य युरोपीय. म्हणून ती भाषा उसनी ठरत नाही. आठव्या शतकातील ओर्खोन शिलालेखांत आढळणारी प्रत्यययोजनेची घडण आजच्या तुर्कीतही ओळखता येते. हा वारसा रक्ताच्या टक्केवारीने मोजावयाचा नसतो.

दोन्ही पक्षांचा प्रमाद एकच आहे: 'तुर्क कोण?' या प्रश्नाचे उत्तर ते शरीरात शोधतात. मोजपट्टीच्या जागी जनुक आला, साधन सूक्ष्म झाले. पण प्रश्नच सदोष असेल तर सूक्ष्म साधनही त्याचे निर्दोष उत्तर देऊ शकत नाही.