सहा फुटांची बाल्कनी आणि तारखेचे तीन चौकोन

सहा फुटांपेक्षा अरुंद बाल्कनी कोणी फारशी वापरत नाही, असे वास्तुविशारद ख्रिस्तोफर अलेक्झांडर आणि त्याच्या बर्कलीतल्या सहकाऱ्यांनी १९७७ साली लिहून ठेवले. कारणही सोबत दिले: दोन-तीन माणसांनी मध्ये छोटे टेबल ठेवून ऐसपैस बसायचे तर तेवढी जागा लागतेच. आपल्या फ्लॅटांच्या बाल्कन्यांत माणसांऐवजी वॉशिंग मशीन आणि कुंड्या का नांदतात, याचा उलगडा त्या एका पानात होतो. ‘अ पॅटर्न लँग्वेज’ या ग्रंथात असे २५३ पॅटर्न आहेत. आधी अडचण, मग ती का उद्भवते, मग तोडगा, अशी त्यांची रीत. शिवाय नावापुढे तारका. दोन तारका म्हणजे लेखकांना खात्री आहे. एकही नसेल तर खरे उत्तर अजून हाती लागलेले नाही.

वेबसाइट बांधणाऱ्यांकडे ही कल्पना प्रोग्रामरांच्या मार्फत आली. केंट बेक आणि वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९८७ मध्येच ती संगणकाच्या पडद्याला लावून पाहिली होती. १९९४ साली चार लेखकांचे २३ पॅटर्नांचे प्रसिद्ध पुस्तक आले, आणि जगातली पहिली विकी कनिंगहॅमने १९९५ मध्ये उभी केली तीसुद्धा पॅटर्न जमवण्यासाठीच. एवढा प्रवास झाला, पण तारका वाटेतच गळाल्या. प्रोग्रामर नमुने गोळा करतात, पण त्या नमुन्यांनी माणसाचे जगणे सुधारते का, हा प्रश्न अलेक्झांडरने १९९६ साली त्यांच्याच परिषदेत विचारला होता. मला तो आजही अनुत्तरित वाटतो.

जेनिफर टिडवेलचे २००५ चे ‘डिझायनिंग इंटरफेसेस’ आणि याहूने २००६ मध्ये सर्वांसाठी खुला केलेला संग्रह, ही या कलेची भरभराट. पानांचे क्रमांक कुठे द्यावेत, रेटिंगचे तारे कधी दाखवावेत आणि का, हे तिथे सलग वाक्यांत वाचायला मिळे. याहूचा संग्रह पुढे बंद पडला. २०११ मध्ये ट्विटरच्या दोघांनी बूटस्ट्रॅप हा तयार कोडचा संच मोकळा केला आणि पॅटर्न वाचण्याऐवजी कोड चिकटवण्याची सवय लागली. त्याचा फायदा नाकारण्यात अर्थ नाही: एकट्याने काम करणाऱ्यालाही मोबाइलवर न मोडणारे पान तासाभरात उभे करता येऊ लागले. पण सरकती चित्रपट्टी तयार मिळते म्हणून ती प्रत्येक संस्थेच्या मुखपृष्ठावर आली. पहिल्या चित्रापुढे फार थोडे लोक जातात, हे सांगणारी ओळ कोडसोबत येत नाही. ब्रॅड फ्रॉस्टची २०१३ ची ‘अॅटॉमिक डिझाइन’ पद्धत अणू, रेणू असे टप्पे पाडते. कोठार लावायला ती उत्तम आहे; कोठारातले कधी काय काढावे, याबाबत मात्र ती फारसे बोलत नाही.

आज नाव, परिस्थिती आणि परिणाम या तिन्हींसह सर्वांत नेटके नोंदवलेले पॅटर्न फसवणुकीचे आहेत, हा विनोदच म्हणायचा. हॅरी ब्रिग्नलने २०१० मध्ये त्यांना ‘डार्क पॅटर्न’ म्हटले. भारताच्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्ये त्यांचे १३ प्रकार उदाहरणांसह अधिसूचित केले. वाईट पॅटर्न दंडाच्या भीतीने तरी नीट लिहिले गेले.

चांगल्यांत मी ब्रिटिश सरकारच्या, २०१८ मध्ये खुल्या झालेल्या संग्रहाला वर ठेवतो. जन्मतारखेचेच पाहा. आपल्याकडच्या कितीतरी फॉर्मांत कॅलेंडर उघडते आणि साठीच्या माणसाला १९६० पर्यंत महिना-महिना मागे जावे लागते. वरच्या वर्षावर टिचकी मारली की यादी उघडते, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. ब्रिटिश पॅटर्न सांगतो की पाठ असलेल्या तारखेसाठी दिवस, महिना, वर्ष असे तीन साधे चौकोन द्या. कॅलेंडर ठेवायचे ते पुढची भेट ठरवताना, कारण तिथे वार बघावा लागतो. तोडगा कुठे चालतो आणि कुठे नाही, हे असे सांगितलेले असते. अनेक पानांवर लोकांसोबत केलेल्या चाचण्यांतून काय कळले आणि काय अजून तपासायचे आहे, हेही असते. गळालेल्या तारका इथे वेगळ्या रूपाने परत आल्या.

तरी हा संग्रह मराठीत जसाच्या तसा उतरत नाही. इंग्रजी बटणांवर ऐट म्हणून अक्षरांत अंतर सोडतात. तीच सेटिंग देवनागरीला लागली की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे पडतात. मथळा उठावदार करायला कॅपिटल अक्षरे वापरण्याची युक्ती इथे बादच, कारण आपल्याला ती अक्षरेच नाहीत. बातम्यांच्या चौकटीत ओळीची उंची इंग्रजीच्या मापाने बांधली की वरची वेलांटी आणि खालचा उकार कापला जातो. पानाची भाषा मराठी असल्याचे कोडमध्ये नोंदवले नाही, तर फॉन्टमध्ये असूनही मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ येत नाहीत, हिंदी वळणाचे येतात.

नावाचे दुखणे याहून मोठे. ब्रिटिश सल्ला असा की शक्यतो पूर्ण नावाला एकच चौकोन द्या. सल्ला शहाणपणाचा आहे, पण महाराष्ट्रात दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असते आणि आधारवर बहुधा स्वतःचे नाव आधी. सोबत वडिलांचे नाव येते, लग्नानंतर काहींच्या बाबतीत पतीचे. एकच चौकोन ठेवायचा असेल तर त्याच्यावर ‘गुणपत्रिकेवर आहे त्याच क्रमाने लिहा’ ही सूचना हवी. आणि दोन कागदांवरची नावे जुळवणाऱ्या प्रणालीला शब्दांचा क्रम उलटा असला तरी अर्ज न फेटाळण्याची शिकवण हवी. हा पॅटर्न लिहायला नवे तंत्रज्ञान लागत नाही. सेतू केंद्रात अर्ज भरून देणाऱ्या मुलाला तो तोंडपाठ आहे. त्याच्याजवळ बसून तो उतरवून घेणारे कोणी हवे.