शेपूट गळून पडते?

बेडकाच्या जीवनचक्राची आकृती नेटकी असते. तिच्याखाली अनेकदा आढळणारे ‘शेपूट गळून पडते’ हे वाक्य मात्र चूक आहे. शेपूट जागच्या जागी विरते. १९१२ मध्ये गुडरनात्श यांनी बेडूकमाशांना घोड्याची थायरॉइड ग्रंथी खाऊ घातली. ते अकालीच, इवलेसे बेडूक होऊ लागले. या ग्रंथीचे संप्रेरक पायांच्या पेशींत वाढीची जनुके जागी करते आणि तेच संप्रेरक शेपटाच्या पेशींत विघटनाची! कोलॅजिन हे चिवट प्रथिन तोडणारे प्राण्यांमधील विकर १९६२ साली ग्रॉस आणि लापिएर यांना सापडले, ते याच शेपटात. आकृतीतल्या दोन चित्रांमधला बाण यातले काहीच सांगत नाही. वर्गात बेडूकमासे ठेवलेच, तर भांड्याच्या तळाशी गळलेले शेपूट मुलांना शोधू द्यावे.