चेटकिणींचं अनेकवचन

आपल्या गोष्टींतली चेटकीण कायम एकटी असते. रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’मधली चिंची चेटकीण आठवून बघा. आधी दिलीप प्रभावळकरांनी आणि अलीकडे वैभव मांगले यांनी ती रंगवली, पोरांनी तिच्यावर जीव टाकला. पण चिंचीची मैत्रीण कोण, हा प्रश्न आपल्याला कधी पडला नाही. गावातल्या हडळीचंही तेच. एक विहीर, एक चिंचेचं झाड आणि एक हडळ. दोन हडळी संध्याकाळी पारावर गप्पा मारत बसल्यात, अशी गोष्ट कुणी सांगत नाही.

जूनो डॉसन या ब्रिटिश लेखिकेची ‘हर मॅजेस्टीज रॉयल कोवन’ ही २०२२ची कादंबरी वाचताना मला पहिली गंमत वाटली ती याची. इथे चेटकिणी अनेकवचनात आहेत. त्या एकमेकींना फोन करतात, टोमणे मारतात, जुनी उणीदुणी काढतात आणि संकट आलं की धावूनही येतात.

कोवन म्हणजे चेटकिणींचा मेळा. कादंबरीतलं हे ‘रॉयल कोवन’ चक्क सरकारी खातं आहे, पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळापासून चालत आलेलं. त्याची इंग्रजी आद्याक्षरं ब्रिटनच्या करवसुली खात्याशी तंतोतंत जुळतात, हा लेखिकेचा खट्याळपणा. आपल्याकडे ‘महाराष्ट्र राज्य चेटूक महामंडळ’ निघालं, त्याचं विभागीय कार्यालय, बायोमेट्रिक हजेरी आणि बढतीसाठीचं राजकारण असलं, तर जे होईल ते इथे आहे. शहरी फँटसीचा हा खास आनंद. जादू दूरच्या राज्यात नसते, आपल्या नेहमीच्या ऑफिसात, ट्रॅफिकमध्ये, स्वयंपाकघरात असते.

कथा बालपणीच्या मैत्रिणींची आहे. लहानपणी त्यांनी एकत्र शपथ घेतली. मध्ये जादूगारांचं एक यादवी युद्ध झालं आणि प्रत्येकीची वाट वेगळी झाली. हेलेना खात्याची प्रमुख झाली. नीव यॉर्कशरमधल्या हेब्डन ब्रिज गावात जनावरांची डॉक्टर आहे. एल नवऱ्यापासून आपली विद्या लपवून संसार करतेय. कृष्णवर्णीय लिओनीला राणीच्या नावाचं ते गोरं खातं आपलं वाटलं नाही, म्हणून तिने लंडनमध्ये स्वतःचा वेगळा मेळा उभा केला. मग एक भाकीत येतं: एक मूल सगळ्यांचा नाश ओढवणार. संशय थिओ नावाच्या एका ताकदवान, अबोल पोरावर जातो. पुढे कळतं की ज्याला सगळे मुलगा समजत होते ती मुलगी आहे, ट्रान्स मुलगी. एवढं सांगितल्याने वाचनातली मजा जात नाही. खरा पेच तिथून सुरू होतो: मेळा फक्त बायकांचा, मग थिओला आत घ्यायचं की नाही? डॉसन स्वतः ट्रान्स स्त्री आहे, त्यामुळे हा प्रश्न तिने बाहेरून आणून चिकटवलेला वाटत नाही.

मला सगळ्यात जास्त आवडली ती हेलेना, म्हणजे जिचा राग यायला हवा तीच. ती खलनायिका म्हणून जन्मलेली नाही. युद्धात तिने नवरा गमावलाय, लेक वाढवलीय, खातं सांभाळलंय. बायकांसाठी एवढी एकच जागा उरलीय आणि ती आपण राखली पाहिजे, असं तिला मनापासून वाटतं. याच वाटण्यातून ती एका पोरीच्या मागे लागते. भगिनीभाव हा शब्द आपण फार गोड करून ठेवलाय. दाराच्या आत असलेल्यांसाठी जी माया, तीच दाराबाहेरच्यांसाठी कडी कशी होते, हे हेलेना दाखवते.

तरीही वाचताना मी मध्येच थांबायचो. कोडोलीत बसून चेटकिणींची गोष्ट चवीने वाचायला थोडं अवघडल्यासारखं होतं. हा वारणाकाठचा दूधपट्टा, इथे घराघराचा हिशेब म्हशीच्या धारेवर चालतो. २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत एक कलम आहे: अमुक व्यक्ती करणी करते, मंत्रतंत्राने जनावराचं दूध आटवते, असं सांगून तिचं जगणं कठीण करणं हा गुन्हा. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. दूध आटण्याचा उल्लेख कायद्यात करावा लागला, यावरून त्या आरोपाची मुळं किती खोल आहेत ते कळतं. या कायद्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी अनेक वर्षं घालवली. २० ऑगस्ट २०१३ला पुण्यात त्यांचा खून झाला आणि त्याच डिसेंबरात कायदा मंजूर झाला. नंदुरबारच्या डोंगरांत डाकीण ठरवून बायकांना छळल्याच्या बातम्या अजून येतात. मग चेटकिणीची मजा घ्यायची कशी?

याचं उत्तर मला कादंबरीच्याच एका आडनावात सापडलं. एलचं माहेरचं आडनाव डिव्हाइस. इंग्लंडमधल्या लँकेशर परगण्यात पेंडल नावाची टेकडी आहे. १६१२ साली तिथल्या डिव्हाइस कुटुंबावर चेटकाचा खटला चालला. जेनेट ही साधारण नऊ वर्षांची मुलगी स्वतःच्या आई, भाऊ आणि बहिणीविरुद्ध साक्ष द्यायला उभी राहिली. त्या खटल्यात दहा जण फासावर गेले. म्हणजे तिकडेही चेटकीण आधी एक आरोप होती. डॉसनने तो आरोप उचलून त्यातल्या बायकांना एकमेकींच्या शेजारी बसवलं. ज्यांना एकेकटं गाठून मारलं, त्यांना अनेकवचन दिलं. ही मजा अंधश्रद्धेची नाही, त्या बायकांना सोबत मिळाल्याची आहे.

पण मग आमच्याकडे असं अनेकवचन नव्हतंच का? होतं की. विहिरीच्या, नदीच्या काठावर कुंकू लावलेले सात दगड, साती आसरा. लोक त्यांना भितात, नैवेद्यही दाखवतात, पण त्यांना सुटं करत नाहीत. आणि कोल्हापूरची त्र्यंबोली! कुणी तिला अंबाबाईची बहीण म्हणतं, कुणी सखी. दैत्याने योगदंडाच्या जोरावर देवांना शेळ्यामेंढ्या केलं, त्र्यंबोलीने त्यांना सोडवलं, आणि विजयाच्या सोहळ्याला अंबाबाई नेमकी तिलाच बोलवायला विसरली. ती रुसून टेकडीवर जाऊन बसली. म्हणून दर ललितापंचमीला अंबाबाईची पालखी टेंबलाईला जाते आणि कोहळा फुटतो. या कथेत मोठी बाई स्वतः उठून धाकटीकडे जाते. हेलेनाला नेमकं हेच जमत नाही.

थिओच्या बाबतीतही हा मुलूख अगदी कोरा नाही. राजन गवसांच्या ‘भंडारभोग’मधला जोगता किंवा त्यांच्याच लेखनाचा आधार असलेला ‘जोगवा’ (२००९) हा चित्रपट आठवतो. जोगता आणि ट्रान्स मुलगी एक नव्हेत. जोगत्यावर लुगडं बऱ्याचदा लादलं जातं, थिओ स्वतःची ओळख स्वतः सांगते. पण देवीच्या दारात जागा आणि घराच्या उंबऱ्यात मज्जाव, हा दुटप्पीपणा आम्हाला नवा नाही.

आता खटकलेल्या गोष्टी. कादंबरी पुढे गेली तशी हेलेना माणूस कमी आणि संकट जास्त होते. तिला आणखी थोडा संशय, थोडा पश्चात्ताप द्यायला हवा होता. एलचा संसार हाताशी असून वरवर उरकलाय. शेवट असा टांगून ठेवलाय की पुढचा भाग घ्यावाच लागतो. आणि एक मूळचा पेच: गावातला देवरुषी भाकीत सांगतो तेव्हा ते खोटं असतं, हे म्हणायला आपण मोकळे असतो. डॉसनच्या जगात मात्र भविष्य खरंच दिसतं. त्यामुळे हेलेनाच्या भीतीला आधार मिळतो. मला वाटतं लेखिकेने हे जाणून केलंय. दिसलेलं खरं असलं, तरी त्यात बोट कुणाकडे दाखवायचं हे माणूसच ठरवतो, आणि बोट बहुतेक वेळा सगळ्यात एकट्या जिवाकडे वळतं.

भाषा सोपी आहे, प्रकरणं छोटी आहेत, प्रत्येक प्रकरण एकेकीच्या नजरेतून येतं. फोनवर वाचायला अगदी सोयीचं. मराठीत हे कुणी आणलं, तर पहिली अडचण शब्दाची येईल. चेटकीण म्हटलं की लांब नाक, हडळ म्हटलं की उलटे पाय, डाकीण म्हटलं की दगड हातात घेतलेला जमाव. माझं मत चेटकीण या शब्दाला. पोरांनी त्याला आधीच हसून आपलंसं केलंय. तिला आता फक्त मैत्रिणी मिळायच्या राहिल्यात.